महाबली आणि महामानव

वसतिगृहातील मुलांच्या पेट्यांची झाकणे उघडून पाहिली, तर आतल्या बाजूस बहुधा दोन चित्रे शेजारी शेजारी चिकटवलेली आढळतात. एक असते निळ्या कोटातील, हाती ग्रंथ धरलेल्या बाबासाहेबांचे. दुसरे असते लाल-निळ्या पोशाखात भिंतीवर चढणाऱ्या स्पायडरमॅनचे. पहिले चित्र घरून आलेले असते, दुसरे वहीच्या वेष्टणावरून कापलेले. या शेजारात मुलाला काहीच विसंगत वाटत नाही. आम्हा मोठ्यांना मात्र वाटते आणि पालकांच्या बैठकांत ते बोलूनही दाखविले जाते. एक पक्ष म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून आपण चमत्कारांना बाहेर काढले, आणि आता तेच चमत्कार कॉमिक्सच्या आणि चित्रपटांच्या वाटेने मुलांच्या डोक्यात परत शिरत आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, मूल चित्रांच्या निमित्ताने का होईना, वाचते आहे. त्याच्या आनंदावर पहारा बसविण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या अतिमानवांचे आकर्षण नेमके कशात आहे आणि आपल्या विचारपरंपरेत त्याला कोणते उत्तर आहे, याचा विचार येथे मांडावासा वाटतो.

वेताळापासून स्पायडरमॅनपर्यंत

आजच्या मुलांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले बालपण आठवावे. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्यातील वेताळ, म्हणजे ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला फँटम, मराठी अंकांतून महाराष्ट्रभर पोहोचला. कवटीचे चिन्ह असलेली अंगठी, तोंडावरचा मुखवटा, दाट जंगलातील गुहा यांच्या कल्पनेत त्या काळची मुले रमली. १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' त्याच मालिकेत आला. त्याच्याजवळ कोणतीही अलौकिक शक्ती नव्हती; तो गावकऱ्यांना सोबत घेऊन डाकूंशी लढे. वऱ्हाड हा हिंदी मुलखाला लागून असलेला प्रांत, त्यामुळे हिंदी कॉमिक्सही येथे सहज मिळत. १९८६ पासून नागराज आला. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला आणि ज्या घरात दूरदर्शन संच असे त्या घरात आळीतील सारी मुले जमू लागली. २००२ साली स्पायडरमॅनचा चित्रपट आला, २००६ साली हिंदीत 'क्रिश' आला, २०१५ साली मराठीतही 'बाजी' हा मुखवटाधारी वीर पडद्यावर अवतरला. तात्पर्य, पिढ्या बदलल्या, पोशाख बदलले, पण ओढ तीच राहिली. जी ओढ इतकी टिकते तिला केवळ वेड म्हणून भागत नाही.

दुर्बळांनी पाहिलेले स्वप्न

हे वीर कोणी निर्माण केले, हे पाहिले म्हणजे या आकर्षणाचे मूळ उमगते. सुपरमॅन प्रथम अवतरला तो जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांच्या घरांत जन्मलेले, अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात वाढलेले दोन तरुण. महामंदीने माणसे बेकार केली होती आणि युरोपात हिटलरने ज्यूंचा छळ आरंभिला होता. आरंभीच्या त्या गोष्टींतील सुपरमॅन परग्रहावरील राक्षसांशी फारसा लढत नाही. तो पत्नीला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवितो, निरपराध स्त्रीला मृत्युदंडापासून वाचवितो, मजुरांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवून शहाणे करतो. पुढे १९४१ च्या मार्च महिन्याच्या अंकावर जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू कलावंतांनी कॅप्टन अमेरिकाला थेट हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दाखविले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती.

म्हणजे अतिमानवाची कल्पना बलवानांच्या वाड्यांत जन्मली नाही. जे स्वतः दुर्बळ होते, अपमानित होते, ज्यांच्या बाजूने न्यायालय नव्हते, पोलीस नव्हते, त्यांनी हे स्वप्न पाहिले. आपल्या मुलांना ते आपलेसे वाटते यात नवल नाही. १९६६ सालच्या उन्हाळ्यात कॉमिक्समध्ये 'ब्लॅक पँथर' हा आफ्रिकी वीर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. मुंबईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव घेतले ते त्या पक्षावरून, कॉमिक्सवरून नव्हे. तरीही २०१८ साली 'ब्लॅक पँथर' चित्रपट आला तेव्हा आपल्याकडील तरुणांना त्या नावात एक ओळखीची हाक ऐकू आली. आपल्यासारखा दिसणारा माणूस पडद्याच्या मध्यभागी उभा असणे, याचे मोल ज्याला तसे कधी दिसले नाही त्यालाच कळते.

आकर्षणाचे दुसरे कारण अधिक खोल आहे. बहुतेक सुपरहिरोंचे जीवन दुहेरी असते. चष्मा लावणारा भिडस्त वार्ताहर हाच सुपरमॅन असतो. वर्गात ज्याची टिंगल होते तो पोरका पीटर पार्कर हाच स्पायडरमॅन असतो. लोक ज्याला क्षुद्र समजतात त्याच्या आत कोणी वेगळाच आहे, ही कल्पना पौगंडावस्थेतील प्रत्येक मुलाला सुखावते. आपल्या समाजाला तर दुहेरी ओळख पोशाखावाचूनच माहीत आहे. नोकरीच्या गावी खोली शोधताना आडनाव उच्चारावे की गिळावे, हा प्रश्न आपल्यातील कित्येकांना पडलेला आहे. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांनाही पारशी नाव धारण करूनच एका पथिकाश्रमात राहावे लागले होते आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावून लावले. फरक इतकाच की, सुपरहिरो आपले सामर्थ्य लपवितो, आपल्याला आपला जन्म लपवावा लागला. मुखवटा उतरविण्याच्या क्षणी मुले टाळ्या वाजवितात त्यामागे हेही असेल.

सामर्थ्य येते कोठून?

येथवर आम्ही मुलांची बाजू मांडली. आता एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो. या वीरांचे सामर्थ्य येते कोठून?

सुपरमॅनचे सामर्थ्य जन्माचे आहे. तो क्रिप्टॉन ग्रहावर जन्मला म्हणून बलवान. वेताळाचे सामर्थ्य वंशपरंपरेचे आहे. लोक त्याला अमर समजतात, वस्तुतः बापाचा मुखवटा मुलगा चढवितो आणि अशा एकवीस पिढ्या झालेल्या असतात. त्यातही जंगलातील काळे लोक पिढ्यान्पिढ्या रक्षणाची वाट पाहणारे आणि रक्षणकर्ता मात्र गोरा, ही मांडणी आता खटकते. बॅटमॅनचे सामर्थ्य वडिलोपार्जित संपत्तीतून येते. ब्लॅक पँथरही राजाचा मुलगा म्हणूनच राजा होतो. स्पायडरमॅनला ते कोळ्याच्या दंशाने, म्हणजे अपघाताने मिळते. जन्म, वंश, संपत्ती आणि दैव: ज्या चार गोष्टींनी माणसाची पायरी ठरविण्यास आपल्या चळवळीने आयुष्यभर विरोध केला, त्याच येथे झगमगीत पोशाखात उभ्या आहेत.

यातही स्पायडरमॅन मुलांना अधिक जवळचा वाटतो, हे आम्हाला आशादायक वाटते. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी निर्माण केलेला हा मुलगा काकूच्या आधाराने शिकतो, पैशाच्या विवंचनेत असतो. आपण एका चोराला जाऊ दिले आणि त्यानेच पुढे आपल्या काकाचा जीव घेतला, ही टोचणी त्याला आयुष्यभर पुरते. येथे सामर्थ्य अपघाताने मिळाले असले, तरी शील त्याला स्वतःच कमवावे लागते.

चंदनाचे पात्र

उडणारा माणूस आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा येते. राजगृहातील एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि जो अर्हंत ऋद्धिमान असेल त्याने ते उतरवून घ्यावे असे जाहीर केले. पिंडोलाने आकाशात उड्डाण केले, पात्र घेतले आणि राजगृहाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. लोक जयजयकार करीत मागे लागले. आजचा चित्रपट असता तर येथे वाद्ये वाजली असती. भगवंतांनी मात्र तो गलबला ऐकून चौकशी केली, पिंडोलाची कठोर शब्दांत कानउघाडणी केली, पात्र फोडून त्याचे तुकडे भिक्खूंना अंजनात मिसळण्यासाठी वाटून द्यावयास सांगितले आणि गृहस्थांपुढे ऋद्धीचे प्रदर्शन करू नये असा नियम घालून दिला.

ही घटना अक्षरशः घडली की नाही, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. ती जतन करणाऱ्या संघाला काय सांगावयाचे होते ते स्पष्ट आहे. दीघनिकायातील केवट्टसुत्तातही नालंदेचा एक गृहस्थ भगवंतांना विनवितो की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवान त्यास नकार देतात. आकाशगमनासारखे चमत्कार आणि दुसऱ्याचे मन ओळखण्याचे चमत्कार यांविषयी ते नापसंती दर्शवितात आणि ज्यामुळे ऐकणारा स्वतः बदलतो त्या अनुशासनाला, म्हणजे शिकवणुकीला, ते श्रेष्ठ मानतात. कारण उघड आहे. उडणारा उडून जातो आणि पाहणारा होता तेथेच राहतो. शिकविणारा मात्र ऐकणाऱ्याला चालता करतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, त्याचा अर्थ हाच.

चौकटीकडून पडद्याकडे

कॉमिक्स आणि त्यांवरील चित्रपट यांत एक महत्त्वाचा भेद आहे, तो पालकांनी ध्यानात घ्यावा. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मध्ये कोरी जागा असते. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली, दुसऱ्या चौकटीत खलनायक भुईवर. मधला ठोसा वाचक आपल्या मनात मारतो. म्हणजे तो अर्धा कलावंत झालेला असतो. तो पान उलटे फिरवून मागे जाऊ शकतो, थांबू शकतो, एखाद्या चित्रावर रेंगाळू शकतो. पडदा ही कोरी जागा शिल्लक ठेवीत नाही. आरंभीचा सुपरमॅन उडतही नसे, फक्त लांब झेप घेत असे. १९४० च्या दशकात ध्वनी आणि हलत्या चित्रांची माध्यमे त्याच्या वाट्याला आली आणि तो उडू लागला. पडद्याला जे शोभते ते वाढत गेले.

पडद्यावर आणखी एक गोष्ट घडते. इमारती कोसळत असतात, वीर आणि खलनायक झुंजत असतात आणि सामान्य माणसे फक्त पळत असतात. त्यांना नावे नसतात, मते नसतात. याला अपवाद आहेत. २००४ सालच्या दुसऱ्या स्पायडरमॅन चित्रपटात सुसाट गाडी थांबवून मूर्च्छित झालेल्या त्या मुलाला प्रवासी हातांवर झेलून आत घेतात, त्याचा उघडा चेहरा पाहतात आणि ते गुपित राखण्याचे वचन देतात. त्या एका प्रसंगात जमावाची माणसे होतात.

या दृष्टीने चित्रकथेचे एक वेगळे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतील फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या संस्थेने मार्टिन ल्यूथर किंग आणि मॉन्टगोमेरी येथील बस-बहिष्कार यांवर सोळा पानांचे एक कॉमिक्स काढले. किंमत दहा सेंट. त्यातील कथा एक सामान्य नागरिक सांगतो आणि शेवटी ही अहिंसक पद्धत कशी वापरावी याची रीतच दिलेली आहे. पुढे चळवळीतील नेते जॉन लुईस यांनी आपल्या तरुणपणी वाचलेल्या या पुस्तिकेचे स्मरण ठेवून 'मार्च' ही तीन भागांची चित्रकथा सिद्ध केली. म्हणजे माध्यमात दोष नाही. वाचक पुस्तक मिटून उठतो तेव्हा त्याच्या हाती काय असते, एवढाच प्रश्न आहे.

आपण महामानवाचे काय करतो?

मुलांना हा प्रश्न विचारताना तो आपणावरही उलटतो. बाबासाहेबांना आपण महामानव म्हणतो. त्या शब्दात 'महा' आहे, तसाच 'मानव'ही आहे. परंतु आपल्या फलकांवर त्यांच्या मस्तकामागे किरणे फाकतात, भाषणांत त्यांच्या पदव्यांची यादी शस्त्रांच्या यादीसारखी म्हटली जाते आणि ऐकणारे मूल मनाशी म्हणते, हे मला कसे जमावे? भक्तीने अंतर वाढते आणि वाढलेले अंतर ही आळसाची उत्तम सबब ठरते. हा धोका त्यांनी स्वतः ओळखला होता. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी थोर पुरुषाविषयीचा आदर आणि त्याचे आंधळे अनुयायित्व यांत भेद केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध देशाला सावध केले.

म्हणून मुलांना त्यांचे खरे चरित्र सांगावे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्या महायुद्धात त्यांचे सामान नेणारी बोट बुडाली आणि सामान तिच्यासह गेले. १९२० साली स्वतःची पुंजी आणि मित्राचे साहाय्य यांवर ते पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या रुपयावरील प्रबंधात परीक्षकांनी सुधारणा सांगितल्या, त्या करून त्यांनी १९२३ साली पदवी मिळविली. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, त्याच दिवसांत त्यांचे ज्येष्ठ बंधू बाळाराम निवर्तले. घरात मृत्यू आणि बाहेर लढा, असे ते दिवस होते. सुपरमॅनला दुर्बळ करणारा दगड एकच असतो. या माणसाच्या वाटेत असे दगड पावलोपावली होते.

त्यांच्यावर चित्रकथाही झाल्या आहेत. अमर चित्र कथेने १९७९ साली त्यांचे चरित्र काढले, ते कित्येक घरांत बाबासाहेबांवरील पहिले पुस्तक ठरले असेल. २०११ साली नवायन प्रकाशनाने काढलेल्या 'भीमायना'त मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चौकोनी चौकटी टाकून आपल्या भिंतींवरील नक्षीने पाने विभागली. त्यात सज्जनांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत आणि जातीचे विष ओकणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. तहानेने व्याकूळ झालेले मूल, निवारा नाकारला गेलेला तरुण: पुस्तकात वीर उडत नाही, तो सोसतो, समजून घेतो आणि संघटित करतो. बडोद्याचा तो प्रसंगही त्यात आहे. २००० साली आलेल्या जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मामुट्टी यांनी उभे केलेले बाबासाहेबही असेच वाचणारे, थकणारे, चिडणारे मनुष्य आहेत.

देता येणारे सामर्थ्य

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सुपरहिरोंना घराबाहेर काढण्याची आवश्यकता नाही. 'शक्तिमान'च्या काळी तो वाचवावयास येईल या भाबड्या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. त्यांच्या खरेपणावर वादही झाला. त्या वादातून घेण्यासारखे एवढेच की, लहान मुलाला एकटे पडद्यासमोर सोडू नये. त्याच्यासोबत बसावे आणि गोष्ट संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत. याचे सामर्थ्य कोठून आले? ज्यांना त्याने वाचविले त्यांनी स्वतः काय केले? आणि तो निघून गेल्यावर त्यांच्याजवळ काय उरले? हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो चित्रपटगृहातच काय, निवडणुकीच्या सभेतही विवेकाने ऐकेल.

शेवटी आपल्याच वऱ्हाडातील एका वीराचे स्मरण करू. त्याचाही एक ठरलेला वेश होता: अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा आणि सोबत मडक्याचे खापर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की प्रथम खराटा चालवीत. लोक पाहत उभे राहत, मग एकेक जण लाजून खाली वाके आणि झाडू लागे. बाबा पुढच्या गावी निघून जात तेव्हा मागे झाडण्याचे ज्ञान उरे. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली, ती मुलांना राहून शिकता यावे म्हणून. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस गाडगेबाबा गेले. दोघांपैकी कोणीही आकाशातून आले नव्हते, आणि दोघांनीही मागे वसतिगृहे ठेवली.

पेटीच्या झाकणावरील दोन्ही चित्रे तशीच राहू द्यावीत. लाल-निळा पोशाख मुलाला सांगतो की, दुर्बळाच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे. निळा कोट सांगतो की, ते कोणीतरी तूच आहेस, आणि त्यासाठी लागणारे सामर्थ्य पेटीच्या तळाशी, पुस्तकांत ठेवलेले आहे.